कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रियांचे साहाय्यक आणि त्यांचा व्यवसायधर्म

गोरेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव. तेथे पोलीस ठाणे असल्यामुळे, सासरी मार सोसणाऱ्या त्या परिसरातील स्त्रीस शासनाचे पहिले दार बहुधा तेथेच भेटते. 1956 पूर्वी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात. अशा स्त्रीच्या साहाय्यकाने कसे वागावे याविषयीचे संकेत मात्र बहुतांशी पुण्या-मुंबईत घडले. ते कशातून घडले आणि अशा गावी त्यांची कसोटी कोठे लागते, हे पाहणे हाच प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

यांपैकी सर्वांत जुना संकेत गुप्ततेचा. 1863 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांना त्यांनी दिलेले मुख्य आश्वासन गुप्तपणे बाळंत होता येईल हेच होते. दुसरा प्रश्न शारदा सदनाच्या निमित्ताने पुढे आला. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये स्थापिलेल्या या संस्थेशी रानडे व भांडारकर या सल्लागारांनी 1893 मध्ये संबंध सोडला. वाद धर्मांतराचा होता. परंतु आश्रय देणाऱ्याचा आश्रितेच्या मनावर कितपत अधिकार, हा त्यातला मूळ मुद्दा. तो आजही मिटला आहे असे म्हणता येणार नाही.

विवाहितेच्या छळास 1983 च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्ह्याचे स्वरूप आले. पुढच्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. येथील कार्यकर्ती पोलिसांच्या इमारतीत बसे, परंतु पोलिसांची नोकर नसे. ठाण्याचा वचक हवा, ठाण्याची नजर नको, अशी ही चमत्कारिक बैठक होती. 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था व मुंबई महानगरपालिका यांनी ‘दिलासा’ केंद्र चालू केले. समुपदेशकांसाठी नीतिविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली ती या ‘सेहत’कडूनच, 2012 मध्ये.

खरा पेच समेटाचा आहे. ‘नांदणे’ या आपल्या शब्दात राहणे आणि सुखाने राहणे असे दोन्ही अर्थ आहेत. मध्यस्थ मात्र बहुधा पहिल्यावरच समाधान मानतो. सून नांदावयास गेली की प्रकरण निकाली! 2005 च्या कायद्याखालील 2006 च्या नियमांनी ही समजूत मोडली. समुपदेशनाचा रोख हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी मिळविण्याकडे असावा, आणि प्रतिवादीस आपल्या कृत्याचे समर्थन मांडू देऊ नये, असे ते सांगतात. पुढे 24 जुलै 2014 रोजी महाराष्ट्र शासनाच्या परिपत्रकाने न्यायालयाच्या आदेशावाचून होणाऱ्या समुपदेशनास मज्जाव केला. त्यास आव्हान दिले गेले. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, स्त्रीला तिचे हक्क सांगून तिची स्वेच्छेची संमती घेतली असल्यास असे समुपदेशन करता येते, असा निर्णय दिला. आमच्या मते परिपत्रकामागील भीती रास्त होती, उपाय मात्र चुकीचा होता; कोर्टाची पायरी चढू न इच्छिणाऱ्या स्त्रीस त्याने निराधार केले असते.

आता गोरेगावसारख्या गावाकडे वळू. पक्षांशी नाते वा हितसंबंध असलेल्यास, त्यांनी लेखी हरकत सोडल्याखेरीज, न्यायालयाने समुपदेशक नेमू नये, असा नियम आहे. शहरात तो सहज पाळला जातो. जेथे भावकी आणि सोयरीक पंचक्रोशीभर पसरलेली असते, तेथे त्रयस्थ माणूस शोधून आणावा लागतो. गुप्ततेचेही तेच. संरक्षण अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याकडे धाडलेल्या घटना-अहवालाची प्रत कायद्यानेच स्थानिक ठाण्याकडे जाते. तो कागद तेथे कोण वाचील, याची स्त्रीला अधिकाऱ्यापेक्षा अधिक कल्पना असते. म्हणून प्रत कोठे जाणार हे अहवाल लिहिण्यापूर्वीच तिला सांगणे, हा संमतीचाच भाग मानला पाहिजे.