विहिरीवरची चौकशी

आमचे आजोबा जमीन घ्यायला निघाले की सातबारा, फेरफार सगळं नीट बघायचे. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. पाणी प्यायच्या निमित्ताने शेजारच्या विहिरीवर जायचे आणि तासभर गप्पा मारत बसायचे. कागद विकणारा दाखवतो, जमीन शेजारी दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा. रॅनबॅक्सीची गोष्ट वाचली आणि आजोबा आठवले...

जून २००८ मध्ये जपानच्या दाइची सांक्योने रॅनबॅक्सी घेत असल्याचं जाहीर केलं. मालविंदर आणि शिविंदर सिंग या भावांचा सुमारे ३५ टक्के हिस्सा आणि वर बाजारातले शेअर, भाव ७३७ रुपये. सौदा साधारण ४.६ अब्ज डॉलरचा. परदेशी कंपनी घ्यायची म्हणजे वकील, हिशेबतपासनीस आणि त्या धंद्यातले जाणकार कागदांचे ढीग उपसतात. यालाच 'ड्यू डिलिजन्स' म्हणतात. आमच्या आजोबांची चौकशीच, फक्त सुटाबुटातली!

धोक्याच्या खुणा नव्हत्या का? होत्या की. अमेरिकेच्या एफडीएने पांवटा साहिबच्या कारखान्याला २००६ मध्येच ताकीद दिली होती. २००७ मध्ये न्यू जर्सीतल्या कार्यालयांवर छापेही पडले. जपान्यांनी याबद्दल विचारलं, त्यांना दिलासा मिळाला. पण कंपनीत २००४ सालचा एक अंतर्गत अहवाल होता. औषधांच्या चाचण्यांची माहिती खोटी बनवल्याचं त्यात मांडलं होतं. तो अहवाल काही पुढे आला नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये एफडीएने देवास आणि पांवटा साहिब इथल्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. तरी नोव्हेंबरमध्ये सौदा पुरा झाला. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. पुढे मुंबईच्या सन फार्माने रॅनबॅक्सी घेतली. तो व्यवहार २०१५ मध्ये पुरा झाला. २०१६ मध्ये सिंगापूरच्या लवादाने बहुमताने ठरवलं की विकणाऱ्यांनी माहिती लपवली, आणि दाइचीला २५६२ कोटींची भरपाई दिली, व्याज वेगळं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निवाडा मुख्यतः कायम ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, विहिरीवरच्या शेजाऱ्याला विचारायचं ना! शेजारी होता. दिनेश ठाकूर या अधिकाऱ्याने त्या अहवालाच्या कामात भाग घेतला होता. २००५ मध्ये नोकरी सोडून त्याने एफडीएला कळवलं. २००७ मध्ये त्याने अमेरिकेत खटला भरला, पण तो न्यायालयाच्या सीलबंद पाकिटात होता. म्हणजे ज्याला सगळं ठाऊक, त्याच्याच तोंडाला कुलूप. आजोबांचीही तिथे पंचाईत झाली असती.

तरी दाइचीकडे करार होता, लवाद होता. काउंटरवर गोळ्यांची पट्टी घेणाऱ्याने मात्र कुठल्या विहिरीवर जाऊन बसायचं? त्याच्या हातात फक्त पट्टीवरची छापील अक्षरं... म्हणजे पुन्हा विकणाऱ्याचाच कागद.

असो. माझ्या बीपीच्या गोळीची वेळ झाली. विश्वासाने घेतो.