वंशावळीतील हरवलेली पिढी : पातूर परिसरातील घराण्यांच्या कागदपत्रांसंबंधी काही विचार

वऱ्हाडातील बहुतेक कुटुंबांत आजोबा-पणजोबांपर्यंतची नावे सहज सांगितली जातात. त्यापलीकडची एक पिढी मात्र अंधारात असते; आणि तिच्याही मागे पुन्हा एखादा पराक्रमी मूळपुरुष अगदी स्पष्ट दिसू लागतो. वऱ्हाडातीलच सिंदखेडच्या जाधवांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. देवगिरीच्या यादवांशी त्यांचा संबंध परंपरेने सांगितला जातो. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपली, तर लखुजी जाधव १६२९ मध्ये दौलताबादेस मारले गेले. मधल्या पिढ्यांची नावे वंशावळीत मिळतात, परंतु त्यांना समकालीन कागदांचा आधार तुटपुंजा आहे. एवढ्या थोर घराण्याची ही स्थिती, तर सामान्य कुणब्याची वा बलुतेदाराची काय असेल? प्रस्तुत लेखात पातूर परिसरापुरता या प्रश्नाचा विचार केला आहे.

हा शोध आता केवळ कुलाभिमानाचा राहिलेला नाही. महाराष्ट्राचा जात पडताळणीविषयक अधिनियम १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक प्रमाणमूल्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'आनंद' प्रकरणात स्पष्ट केले. २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीमुळे मोडी आणि उर्दू दप्तरांकडे सर्वांचेच लक्ष वेधले गेले. आपल्या महाविद्यालयांत प्रवेश घेणारा विद्यार्थी पणजोबाच्या नोंदीसाठी तहसील कार्यालयात खेटे घालतो, हे आपण सर्व अध्यापक पाहतोच.

पूर्वज सापडत नाही याचे पहिले कारण राजकीय आहे. १८०३ च्या देवगावच्या तहापूर्वी वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. त्यानंतर निजामाचे इजारदार आले. १८५३ च्या तहाने प्रांताचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडला गेला. प्रत्येक अंमलाची दप्तराची रीत निराळी, भाषा निराळी. इंग्रजी अंमलापूर्वीचे हिशेब परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे पाटील-पटवारी यांच्याकडे असत. ते सरकारी असूनही खाजगी वाड्यांतच राहिले, आणि वाटण्यांत भांड्याकुंड्यांप्रमाणे विभागले गेले. पुढे १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत घातले गेले, आणि १९९८ मध्ये तो पुन्हा निर्माण झाला. पातूर स्वतः दीर्घकाळ बाळापूर तालुक्यात होते. म्हणून आजच्या तालुक्याच्या नावाने जुना कागद मागणाऱ्यास तो मिळेलच असे नाही.

गावाच्या नावातही घोटाळा आहे. शेख बाबूंच्या दर्ग्यामुळे जुन्या कागदांत 'पातूर शेख बाबू' असा उल्लेख आढळतो. अकोला जिल्ह्यातच पातूर नंदापूर हे दुसरे गाव आहे. नुसते 'पातूर' लिहिलेले असल्यास आजूबाजूच्या गावांची नावे पाहूनच निर्णय करावा. कालगणनेचेही तसेच. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन येतो, तर दक्षिणी फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. एकाच्या जागी दुसरा धरल्यास नऊ वर्षांचा फरक पडतो. मुलगा बापाहून फारसा लहान दिसत नाही तेव्हा प्रथम ही बेरीज तपासावी.

सर्वांत मोठी अडचण आडनावाची होय. आपण शोधतो आजच्या आडनावाने. कागद मात्र पूर्वजास 'रामा वल्द गोमा' एवढ्यावरच ओळखतो. स्त्री असेल तर कोणाची तरी 'जौजे' अथवा 'बेवा'. एकाच गावात एकाच काळी दोन रामा वल्द गोमा असणे मुळीच अशक्य नाही. तेव्हा आडनाव हा धागा नव्हे. शेत हा धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली आणि शेतांना सर्व्हे नंबर पडले. माणसे नाव बदलतात, गाव सोडतात. शेत जागचे हलत नाही. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार आणि वारसनोंदी पाहत मागे जावे. एकत्रीकरणात गट क्रमांक पडले असल्यास जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता मिळवावा. दत्तक गेलेला मुलगाही येथेच सापडतो. वंशावळीत तो पुष्कळदा औरस म्हणूनच मिरवतो.

घरातील वंशावळ पुरावा म्हणून वाचताना ती कशासाठी लिहिली गेली हे आधी विचारावे. वतनाच्या तंट्यात सादर झालेली वंशावळ आपली शाखा ठळक करते आणि भाऊबंदांची गाळते. तीर्थोपाध्यायांच्या वह्या या दृष्टीने अधिक निःस्वार्थी वाटतात. नाशिक-त्र्यंबकास गेलेला यजमान श्राद्धासाठी बाप, आजा, पणजा आणि आई-आजीचीही नावे सांगतो. तेथे त्याला हक्क मिळवायचा नसतो.

परंतु ज्याला शेत नव्हते, वतन नव्हते आणि तीर्थयात्रेस जाण्याची ऐपतही नव्हती, त्याचे काय? पडताळणीचा कायदा ज्या समाजांकडून सर्वांत अधिक कागद मागतो, त्यांचीच नोंद जुन्या दप्तरांनी सर्वांत कमी ठेवली आहे. ही विसंगती इतिहासाच्या अभ्यासकाने तरी दृष्टीआड करू नये. अशा कुटुंबांसाठी दोनच साधने मुख्यतः उरतात: शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि 'कोतवाल बुक'. शाळा ज्यांच्या वाट्यास उशिरा आली त्यांना दुसरेच अधिक उपयोगी पडते. गावातील जन्ममृत्यूंची ही नोंद देशमुखाच्या वाड्याइतकीच गावकुसाबाहेरच्या झोपडीचीही दखल घेते. नोंद बहुधा बारशापूर्वीची असल्याने बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच. अमक्यास मुलगा झाला, एवढेच असते, सोबत जात आणि तारीख. मग त्या मुलास शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारखेशी जोडावे लागते, आणि ती तारीख तर अनेकदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. दोन्ही नोंदींत बापाचे नाव व गाव जुळत असेल, भावंडांचा क्रम जुळत असेल, तर तारखेतील काही महिन्यांचा फरक संबंध नाकारण्यास पुरेसा मानू नये. वेगळ्या शाईतील वा खाडाखोडीची जात मात्र कितीही सोयीची असली तरी स्वीकारू नये.