न्यायासनावरून उपराष्ट्रपतिपदाकडे : मोहम्मद हिदायतुल्ला

सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि हंगामी राष्ट्रपती या तिन्ही नात्यांनी काम केलेली एकच व्यक्ती भारतात होऊन गेली. ती म्हणजे न्या. मोहम्मद हिदायतुल्ला. त्यांच्या कारकिर्दीचा पाया नागपुरात घातला गेला.

हिदायतुल्ला यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी लखनौ येथे झाला. वडील मध्य प्रांताच्या शासकीय सेवेत असल्याने त्यांचे शालेय शिक्षण रायपूरला झाले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९२६ मध्ये पदवी घेतल्यानंतर केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज व लंडनचे लिंकन्स इन येथे पुढील शिक्षण पूर्ण करून १९३० मध्ये त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. तेथील विधी महाविद्यालयात त्यांनी अध्यापनही केले. १९४३ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीशपद त्यांच्याकडे गेले.

डिसेंबर १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले. तेथे बहुमताविरुद्ध एकट्याने उभे राहण्यास ते कचरले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयातील एका साक्षीचे वृत्त छापण्यास मनाई करणाऱ्या आदेशाविरुद्ध 'ब्लिट्झ'चे वार्ताहर मिरजकर यांनी दाद मागितली होती. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६६ मध्ये ती फेटाळली. न्यायालयाच्या आदेशानेही मूलभूत हक्कांचा भंग होऊ शकतो, असे मत देणारे हिदायतुल्ला हे त्या पीठातील एकमेव न्यायमूर्ती होते.

फेब्रुवारी १९६८ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. पुढच्याच वर्षी राज्यघटनेसमोर अभूतपूर्व पेच उभा राहिला. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. त्यांचे काम पाहणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढविण्यासाठी जुलैमध्ये राजीनामा दिला आणि दोन्ही पदे एकाच वेळी रिकामी झाली. संसदेने त्याच वर्षी केलेल्या कायद्यान्वये ही जबाबदारी सरन्यायाधीशांवर आली. २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती होते. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे दिल्लीत स्वागत त्यांनीच केले आणि बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला संमतीही त्यांनीच दिली. त्या कायद्याला आव्हान देणारा खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा निर्णय देणाऱ्या पीठावर ते नव्हते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबर १९७० रोजी, संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश ज्या पीठाने रद्द ठरविला, त्याचे प्रमुख मात्र हिदायतुल्लाच होते. स्वतः काही काळ ज्या पदाचा भार वाहिला, त्याच पदाच्या अधिकाराची मर्यादा त्यांनी न्यायासनावरून दाखवून दिली.

ऑगस्ट १९७९ मध्ये त्यांची उपराष्ट्रपतिपदी बिनविरोध निवड झाली. अमेरिकेत अध्यक्षपद रिक्त झाल्यास उपाध्यक्ष उर्वरित मुदतीसाठी स्वतःच अध्यक्ष होतो. भारतात उपराष्ट्रपती केवळ नव्या निवडणुकीपर्यंत भार सांभाळतो. त्याचे नित्याचे काम राज्यसभेचे सभापतिपद. हे आसन हिदायतुल्ला यांनी ३० ऑगस्ट १९८४ पर्यंत सांभाळले. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले असता त्यांनी पुन्हा राष्ट्रपतींचे काम पाहिले.

१८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. देशाचे सर्वोच्च पद दोनदा त्यांच्याकडे आले ते केवळ सांभाळण्यासाठी आणि दोन्ही वेळा त्यांनी ते विनातक्रार परत सोपविले.