वृद्धाश्रमातील ज्येष्ठांचे घटते वजन

वय झाले की माणूस वाळतोच, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. नाशिकच्या एखाद्या वृद्धाश्रमात महिन्याने भेटायला आलेल्या मुलाला वडिलांचा सदरा सैल झालेला दिसतो. पण कारण विचारले जात नाही. वास्तविक, कोणताही प्रयत्न न करता महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरल्यास वैद्यकशास्त्र ती धोक्याची सूचना मानते. ५० किलोच्या व्यक्तीत महिन्याची ही घट अवघी अडीच किलो भरते. रोज पाहणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. म्हणून दरमहा, शक्यतो त्याच काट्यावर, सकाळी न्याहारीपूर्वी वजन करून वहीत नोंदवावे. पायांवर सूज असल्यास मात्र काटाही फसवतो.

कारणे अनेक असतात. क्षयरोग, कर्करोग, थायरॉइडचे विकार, अनियंत्रित मधुमेह यांची तपासणी आधी व्हायला हवी. मेटफॉर्मिन, डिगॉक्सिन यांसारख्या औषधांनीही भूक मंदावू शकते; पण ती परस्पर बंद करू नयेत. नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कवळीचे तर दुष्टचक्रच असते. वजन उतरले की ती सैल होते, चावता येत नाही आणि वजन आणखी उतरते. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

ज्येष्ठांना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला किमान १ ग्रॅम प्रथिने हवीत, असे युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. दोन पोळ्या, भाजी आणि पातळ वरण एवढ्यावर ही गरज भागत नाही. दूध, दही, घट्ट डाळ, मऊ पनीर आणि चालत असल्यास अंडे रोज ताटात असावे. आपल्या जिल्ह्यातील पेठ, सुरगाण्याची नागली यासाठी उपयोगी आहे. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रथिने मात्र जेमतेम ७ ग्रॅम, म्हणून तिचे सत्त्व दुधात शिजवावे. असे पूरक पदार्थ जेवणाबरोबर न देता दोन जेवणांच्या मधल्या वेळेत द्यावेत.

एकादशी आणि श्रावणी सोमवारचे उपवास ज्येष्ठ सहसा सोडत नाहीत. त्यांना सोडायला लावण्याचा आग्रहही नको. साबुदाण्यात प्रथिने नाममात्र असतात. त्याऐवजी भगर, दाण्याची आमटी आणि दूध देता येते. मधुमेहींच्या औषधांच्या वेळा मात्र त्या दिवसांसाठी डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. मीठ, साखर, तूप हे सारेच कायमचे तोडून ताट बेचव करण्यापेक्षा, वजन घटत असताना पथ्य किती सैल करता येईल, हे त्यांनाच विचारणे शहाणपणाचे. घास भरवणाऱ्या सेविकेला एकेका व्यक्तीसाठी पुरेसा वेळ मिळतो का, हेही पाहावे लागते.

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम निवडताना खोली, बाग, देवघर सारे पाहिले जाते. वजनाची वहीही मागून पाहावी आणि पुढे दर भेटीत तिच्यातील शेवटचे तीन आकडे वाचावेत.