तळ्याकाठचा कुत्रा आणि पाण्यातला कुत्रा

अपकृत्यांचा कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पुढे इंग्लंडमधील एक जुना खटला हटकून येतो. एसेक्स परगण्यात कीबल नावाच्या गृहस्थाचे एक तळे होते. त्यावर उतरणारी रानबदके धरून विकणे हा त्याचा धंदा. १७०४ च्या नोव्हेंबरात हिकरिंगिल नावाच्या इसमाने तळ्याजवळ बंदुकीचे बार काढून ती बदके उडवून लावली. बदके तर रानटी. ती अद्याप कोणाच्याच मालकीची झालेली नव्हती. मग नुकसान झाले कोणाचे? मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी असा निर्णय दिला की, प्रश्न बदकांच्या मालकीचा नसून धंद्यात बुद्धिपुरस्सर आणलेल्या अडथळ्याचा आहे. कीबलला २० पौंडांची भरपाई मिळाली.

परीक्षेपुरता हा खटला आम्ही पाठ केला, तेव्हा ते तळे कसे असेल हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. पुढे कधीतरी त्याचे वर्णन वाचनात आले, आणि निवाड्यापेक्षा तळेच अधिक मनोरंजक वाटू लागले.

तसल्या तळ्याला इंग्रजीत 'डिकॉय' म्हणतात. ही विद्या हॉलंडातून तिकडे गेली. तळ्याच्या कडेला बाकदार चर खणीत. तोंडाशी रुंद आणि पुढे निमुळते होत जाणारे. त्यांच्यावर कमानी रोवून जाळे पसरीत, आणि बाजूने बोरूच्या तट्ट्या थोड्या थोड्या अंतरावर तिरप्या उभ्या करीत. रानबदकांचा एक चमत्कारिक स्वभाव असा की, काठावर कोल्ह्यासारखा प्राणी दिसला तर ती पळत नाहीत. सुरक्षित अंतर राखून त्याच्या मागे मागे पोहत जातात. शत्रू कोठे चालला आहे हे नजरेखाली ठेवणे त्यांस बरे वाटत असावे. म्हणून कोल्ह्याच्या रंगाचा, झुपकेदार शेपटीचा एक लहानसा कुत्रा शिकवून तयार करीत. तो न भुंकता एका तट्टीआडून निघे आणि दुसरीआड दिसेनासा होई. बदके त्याच्या पाठोपाठ चरात शिरत. पुरेशी आत आली म्हणजे पारधी त्यांच्या पाठीमागे उभा राही. ती घाबरून पुढे उडत, म्हणजेच जाळ्याच्या टोकाकडे. माणसाचा वास बदकांना लागू नये म्हणून पारधी हातात धुमसता गवताळ मातीचा तुकडा बाळगी. एवढ्या खटाटोपात बंदुकीला स्थान नव्हते. सारी मदार शांततेवर. हिकरिंगिलच्या बारांची किंमत २० पौंड का झाली, ते येथे कळते.

पण ही शांतता मोडणारा आणखी एक प्राणी होता, आणि त्याच्यावर समन्स बजावण्याची सोय नव्हती. तो म्हणजे पाणमांजर. त्याचे मुख्य अन्न मासे आणि वाम. क्वचित एखादा पक्षीही. ते पाण्यात शिरले की थव्यांत खळबळ उडे. कायद्याने त्याची व्यवस्था आधीच लावून ठेवली होती. १५६६ च्या इंग्लिश कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या मुंडक्यांचे दर ठरविले आहेत. त्यात पाणमांजराला दोन पेनी. तेवढीच साळूसारख्या काटेरी हेजहॉगला!

याच प्राण्याची दुसऱ्या एका धर्मशास्त्रात काय किंमत आहे पहा. आमच्या संस्कृतातला 'उद्र', अवेस्तेतला 'उद्र', हिंदीतला 'ऊदबिलाव' आणि इंग्रजांचा 'ऑटर' हे एकाच मुळाचे शब्द. पारशी बांधवांच्या वेंदिदादात म्हटले आहे की, मेलेल्या कुत्र्यांचा आत्मा जलाशयात जातो, आणि एक हजार कुत्रे व एक हजार कुत्र्या यांच्यापासून पाणकुत्र्यांचे एक जोडपे जन्मास येते. त्यास मारणाऱ्याला दहा हजार फटक्यांची शिक्षा सांगितली असून, त्याच्या पापाने त्या प्रदेशात अवर्षण पडते, असेही म्हटले आहे. ही शिक्षा कोणी प्रत्यक्ष भोगली असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु दोन पेनी आणि दहा हजार फटके यांतील अंतर नजरेत भरते.

इंग्लंडात पाणमांजराच्या शिकारीसाठी कुत्र्यांची जातच वेगळी होती. राठ दुहेरी केसांचे, बोटांमध्ये पडदा असलेले हे कुत्रे कित्येक तासांपूर्वीचा माग हुंगीत नदीकाठ पालथा घालीत. लोक पायी त्यांच्या मागे जात. आणि या मंडळींना एक सवय होती, जी वकिलास प्रिय वाटावी: ती वह्या लिहीत. किती दिवस शिकार केली, किती वेळा पाणमांजर सापडले, याची नोंद वर्षानुवर्षे होत राहिली. १९५७-५८ च्या सुमारास सापडण्याचे प्रमाण एकाएकी घसरले. हे कुत्र्यांचे कर्तृत्व नव्हते. १९५५ च्या सुमारास बियाण्यांना चोळण्याच्या व मेंढ्यांना धुण्याच्या औषधांत डीलड्रिनसारखी विषे आली होती. ती पाण्यातून माशांत आणि माशांतून या प्राण्यांत उतरली. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष मांडला तो शिकाऱ्यांच्याच वह्यांच्या आधारे. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेला कबुलीजबाब पुराव्यात अधिक वजनदार मानतात. येथे तर तो देणाऱ्यास आपण काय देतो आहोत याचीही कल्पना नव्हती. त्याच वर्षापासून इंग्लंडात पाणमांजरास कायद्याचे संरक्षण मिळाले. २०११ पर्यंत तेथील प्रत्येक परगण्यात त्याच्या खुणा पुन्हा आढळल्या होत्या.

आमच्या देशातही हिशेब लिहिले गेले, पण दगडावर. भरतपूरच्या पाणथळीत एक शिळा उभी आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडल्याची नोंद तीवर आहे. त्या पाण्यात मासे खाऊन राहणाऱ्यांचे नाव त्या शिळेवर नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आज बदकेही मारता येत नाहीत आणि पाणमांजरेही. मात्र आमच्या नद्यांत पूर्वी ती किती होती, हे विचारायला आम्ही कोणाच्या वह्या उघडाव्या?

मांडवीच्या पात्रात चोडण बेटाच्या खाजनांवर ती अजून आहेत. एका हिवाळी संध्याकाळी बांधावरून जाताना समोरच्या पाण्यातली तलवार बदके अचानक उठली. गावची तीन कुत्री भुंकत बांधाच्या कडेला धावली. पाण्यात ओळीने चार डोकी आली, माना उंच झाल्या, आणि नाकातून जोराचा फुत्कार आला. चारही डोकी मागे न हटता कुत्र्यांच्याच दिशेने पुढे सरकली. कुत्र्यांचे भुंकणे चालू राहिले, पण पाय मागे येऊ लागले. आमचेही, हे कबूल करावयास हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मानशीजवळच्या दगडावर माशांचे खवले आणि कुर्ल्यांची कवचे पडलेली होती. तीच तीन कुत्री त्यांभोवती बराच वेळ हुंगत राहिली आणि नंतर गावाकडे परतली.