झाशीच्या राणीवरचा एक वेगळा चित्रपट

आज लढाईऐवजी एका चित्रपटाबद्दल बोलतो. अर्थात लढाई त्यातही आहेच.

२०१९ मध्ये झाशीच्या राणीवर दोन चित्रपट आले. 'मणिकर्णिका' सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा, 'द वॉरियर क्वीन ऑफ झाशी', फारसा कुणी पाहिला नाही. भरतनाट्यम नर्तिका स्वाती भिसे यांनी तो दिग्दर्शित केला. त्यांची मुलगी देविका पटकथेत सहभागी होती आणि राणीची भूमिकाही तिचीच. बॉलिवूडच्या पठडीबाहेरचं हे मायलेकींचं काम. तात्या टोपे झालेत अजिंक्य देव, सर ह्यू रोजच्या भूमिकेत रूपर्ट एव्हरेट.

राणीसाहेबांच्या तोंडी इंग्रजी संवाद आहेत. पहिली दहा मिनिटं ते कानाला खटकतात, मलाही खटकले. तरीही बघा, कारण इथे झाशीबरोबर लंडनही दिसतं. व्हिक्टोरिया राणी आहे, पंतप्रधान पामर्स्टन आहे. झाशी ज्या खलित्यांवर आणि सह्यांवर गेली, ती बाजू आपल्या चित्रपटांत फारशी येत नाही. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा झालं. गोळी सुटायच्या आधीच निम्मी लढाई कागदावर हरलेली होती.

आता फौजी माणसाची कुरकूर. मेजर एलिसला चित्रपटात बरंच मोठं केलंय. दत्तकाच्या वेळी त्याने राणीसाहेबांना अनुकूल मत दिलं होतं, हे खरं. पण १८५७ मध्ये झाशीचा कारभार कॅप्टन स्कीनकडे होता.

मी बबीनाला असताना सुट्टीच्या दिवशी झाशीच्या किल्ल्यावर जायचो. तटावर 'कूदान स्थल' अशी पाटी आहे, म्हणे इथून राणीने घोडा उडवला. खाली डोकावून बघा आणि तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर घोडा वाचला नसता. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री त्या वेशीतून वेढा फोडून गेल्या, आणि ते जास्त अवघड काम होतं.

माझ्या मते झाशीचा निकाल तीन दिवस आधीच लागला होता, १ एप्रिलला बेतवाकाठी. तात्या टोपे वीस हजारांवर फौज घेऊन मदतीला आले. रोजने वेढा उठवला नाही. तोफा शहरावर तशाच चालू ठेवल्या आणि जेमतेम दीड हजार माणसं घेऊन तात्यांवर चालून गेला. जुगारच होता तो. आतून त्याच वेळी जोरदार हल्ला झाला असता तर? हा प्रश्न मी तटावर उभा राहून अनेकदा स्वतःला विचारला आहे.

वेढ्यात आत एक मराठी माणूस होता. वरसईचे विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून घरून निघाले आणि झाशीत अडकले. शहर पडल्यावरची कत्तल आणि जाळपोळ त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला. त्यांच्या 'बाईसाहेब' पडद्यावरच्या कुठल्याही राणीपेक्षा जवळच्या वाटतात.

तेव्हा आधी चित्रपट बघा, मग गोडसे भटजींची झाशीची प्रकरणं वाचा. आणि बेतवाच्या लढाईबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. भांडायला मी तयार आहे.