सार्वजनिक–खाजगी भागीदारी : कायदे

सार्वजनिक–खाजगी भागीदारी : कायदे. रस्ता, पूल, बंदर, मेट्रो, पाणीपुरवठा यांसारखे काम खाजगी उद्योजकाने भांडवल घालून उभारायचे, ठरलेली वर्षे चालवायचे, वापरणाऱ्यांकडून किंवा सरकारकडून मोबदला घ्यायचा आणि मुदत संपताच सरकारच्या ताब्यात द्यायचे, या व्यवस्थेचे नियमन करणारे कायदे. महाराष्ट्रात ही पद्धत ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ (बीओटी) म्हणून ओळखली जाते. उद्योजक कसा निवडायचा, शुल्क कोण ठरवणार, हिशेब कोण पाहणार आणि करार मोडला तर बोजा कोणी सोसायचा, हे या कायद्यांचे विषय. त्यांत शुल्काचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रस्त्यावर नाका बसवून नागरिकाकडून पैसे घेणे हा राज्यसत्तेचा अधिकार आहे आणि कायद्याच्या स्पष्ट आधाराशिवाय तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

भारतातील चौकट : भारतात या विषयाचा एकच एक केंद्रीय कायदा नाही. तरतुदी त्या त्या क्षेत्राच्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत. पथकर हा राज्यसूचीतील विषय (नोंद ५९), तर राष्ट्रीय महामार्ग संघसूचीतील (नोंद २३).

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ मध्ये १९९५ साली घातलेले कलम ८अ हे या क्षेत्रातले सर्वांत नेटके कलम म्हणता येईल. केंद्र सरकारला महामार्गाच्या विकासासाठी व देखभालीसाठी कोणाही व्यक्तीशी करार करण्याची मुभा ते देते. अशी व्यक्ती शुल्क गोळा करून स्वतःकडे ठेवू शकते, पण दर अधिसूचनेने केंद्र सरकारच ठरवते. तो ठरवताना बांधकाम, देखभाल व व्यवस्थापनाचा खर्च, गुंतवलेल्या भांडवलावरील व्याज, वाजवी परतावा, वाहनांची संख्या आणि कराराची मुदत विचारात घ्यावी, असे कलमातच लिहिले आहे. म्हणजे वसुली खाजगी, पण दरावर सरकारची सही. ठाणे–भिवंडी वळणमार्ग हा या पद्धतीच्या देशातील सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुढे २००८ च्या शुल्क नियमांनी एकाच दिशेच्या दोन नाक्यांत साधारणतः ६० किमी. अंतराचे बंधन घातले.

बंदरांसाठी महापत्तन न्यास अधिनियम, १९६३ चे कलम ४२ वापरले गेले. जवाहरलाल नेहरू बंदरातील न्हावा शेवा आंतरराष्ट्रीय कंटेनर टर्मिनलचा ३० वर्षांचा परवाना करार (१९९७) त्यावर उभा होता. २०२१ च्या महापत्तन प्राधिकरण अधिनियमाने नव्या भागीदारी प्रकल्पांतील दर बाजारावर सोपवले.

भागीदारी प्रकल्प तपासणारी केंद्राची मूल्यांकन समिती आणि प्रकल्पाच्या खर्च–उत्पन्नातील तूट भरून काढणारे अनुदान (मूळ योजनेत केंद्राकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत) ही शासकीय आदेशांची निर्मिती होय. त्यांना संसदेच्या कायद्याचे पाठबळ नाही.

राज्यांचे कायदे : गुजरात (१९९९), आंध्र प्रदेश (२००१), पंजाब (२००२) आणि बिहार (२००६) यांनी पायाभूत सुविधांच्या उभारणीसाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्राने तसा सर्वसमावेशक कायदा केला नाही. येथे मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ च्या कलम २० खालील अधिसूचना, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ (स्थापना १९९६) आणि शासन निर्णय यांच्या बळावर काम चालले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग महामंडळाने आधी स्वतः बांधला आणि मग २००४ मध्ये १५ वर्षांच्या पथकर वसुलीचे हक्क ९१८ कोटी रुपयांना दिले. याला काही अभ्यासक भागीदारी मानतात, काही केवळ हक्कविक्री.

निविदेऐवजी उद्योजकाने स्वतःहून प्रस्ताव आणायचा आणि इतरांनी त्याला आव्हान द्यायचे, या ‘स्विस चॅलेंज’ पद्धतीवरील सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाच्या (म्हाडा) एका गृहप्रकल्पावरून आला (रवी डेव्हलपमेंट, २००९). न्यायालयाने पद्धत वैध ठरवली. मात्र ती कोणत्या कामांना लागू होईल, मुदती काय असतील, हे सरकारने आधी जाहीर करावे आणि सर्वांना समान संधी द्यावी, असे बजावले. राज्यात कायदा नसल्याची उणीव येथे न्यायालयाला भरून काढावी लागली.

स्थानिक संस्था : ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर नगरपालिकांना पथकर व शुल्क आकारण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यानेच मिळू शकतो (अनुच्छेद २४३भ). महापालिका अधिनियमातील कंत्राटाची व मालमत्ता भाडेपट्ट्याने देण्याची कलमे साध्या कामांसाठी आहेत. तीस वर्षे चालणारा, पुढच्या पाचसहा सभागृहांचे हात बांधणारा करार त्यांच्या कल्पनेत नव्हता.

याचा सर्वांत ठळक दाखला कोल्हापूरचा. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पात शहरातील ४९.४९ किमी. रस्ते सुमारे २२० कोटी रुपये खर्चून खाजगी कंपनीने करायचे आणि ३० वर्षे पथकर घ्यायचा, असा महापालिका, रस्ते विकास महामंडळ व कंपनी यांच्यात करार झाला. शहराच्या वेशीवर नाके उभे राहिले, तेव्हा भाजी घेऊन येणारा शेतकरी आणि रोज शहरात कामाला येणारा माणूस यांच्या लक्षात आले की आपल्याला कोणी विचारलेच नाही. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली टोलविरोधी कृती समितीने दीर्घ लढा दिला. कामाच्या दर्जाबद्दल दोन्ही बाजूंची मते वेगळी होती. २०१५ अखेरीस पथकर रद्द झाला व कंपनीच्या भरपाईचा बोजा सार्वजनिक तिजोरीकडे वळला. करारापूर्वी नागरिकांपुढे खुली सुनावणी घेणे कायद्यानेच बंधनकारक असते, तर हा संघर्ष बराच आधी, कागदावरच मिटवता आला असता.

असा दीर्घ मुदतीचा करार पाणीपुरवठ्यातही झाला : नागपूर महापालिकेने त्याचे व्यवस्थापन २०१२ पासून २५ वर्षांसाठी खाजगी कंपनीकडे दिले.

करार आणि कायदा यांतील विरोध : मुंबईतील वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो (११.४ किमी., सुरुवात ८ जून २०१४) हे याचे उदाहरण. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी झालेल्या २००७ च्या करारात भाडे ९ ते १३ रुपये धरलेले. मार्ग सुरू होईपर्यंत मेट्रो रेल्वे (परिचालन व देखभाल) अधिनियम, २००२ मुंबईलाही लागू झाला होता. त्यानुसार सुरुवातीचे भाडे मेट्रो प्रशासन, म्हणजे येथे कंपनीच, ठरवते आणि नंतरचे भाडे निश्चिती समिती. कंपनीने १० ते ४० रुपयांची मागणी केली. समितीने २०१५ मध्ये ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ती रद्द ठरवली. कराराच्या विश्वासावर निविदा काढली आणि कायद्याने करारातला आकडाच बाजूला सारला, असे येथे घडले. जुन्या करारांचे काय करायचे हे नव्या कायद्यात लिहिलेच पाहिजे, हा यातला धडा आहे.

दिल्ली–नोएडा उड्डाणपुलाच्या (डीएनडी) १९९७ च्या करारात उद्योजकाला एकूण प्रकल्पखर्चावर वार्षिक २० टक्के परतावा कबूल केला होता. एखाद्या वर्षी वसुली कमी पडली, तर तूट प्रकल्पखर्चात मिळवायची आणि पुढच्या वर्षी त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा २० टक्के मोजायचे. अशा सूत्रात मूळ खर्च वसूल होऊनही देणे वाढतच राहते आणि वसुलीची मुदत पुढे सरकत जाते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये वसुली थांबवली. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले : शुल्क आकारण्याचा अधिकार कंपनीला देणे नोएडा प्राधिकरणाच्या कायदेशीर अधिकारात नव्हते, शिवाय निवड स्पर्धेविना झाली होती. कलम ८अ सारखा आधार असलेल्या करारात आणि या करारात हाच फरक आहे.

इतर देश : ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांच्या करारांच्या वैधतेबद्दल धनकोंना शंका वाटू लागल्यावर १९९७ साली स्थानिक शासन (करार) अधिनियम आला, प्रमाणपत्र मिळालेला करार संस्थेच्या अधिकाराबाहेरचा म्हणून सहजी उलटवता येत नाही. फिलिपीन्समध्ये १९९० व १९९४ च्या बीओटी कायद्यांची जागा डिसेंबर २०२३ मध्ये प्रजासत्ताक अधिनियम क्र. ११९६६ ने घेतली. राष्ट्रीय व स्थानिक अशा दोन्ही प्रकल्पांना एकच संहिता लागू करून, स्थानिक प्रकल्पांची मंजुरी त्याने स्थानिक विधिमंडळाकडे ठेवली. ब्राझीलने २००४ च्या कायद्यात कराराची मुदत ५ ते ३५ वर्षे ठेवली आणि अशा करारांपोटी सरकारच्या उत्पन्नाचा किती हिस्सा बांधला जावा यालाही मर्यादा घातली. ही मर्यादा भारतासाठी विशेष अभ्यासनीय आहे.

सुधारणांचे प्रयत्न : विजय केळकर समितीने नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात राष्ट्रीय धोरणाला संसदेची मान्यता, स्वतंत्र पुनरावलोकन समिती व न्यायाधिकरण आणि स्विस चॅलेंजला आळा सुचवला. २०१६–१७ च्या अर्थसंकल्पात सार्वजनिक सेवांमधील तंटे सोडवण्याच्या विधेयकाची घोषणा झाली. तो कायदा झाला नाही. महाराष्ट्राने १ जून २०१५ पासून १२ नाके बंद केले व ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटी बसना सूट दिली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ झाला. हे निर्णय मंत्रिमंडळाचे. माफीचा ताण अर्थसंकल्पावर येतो, म्हणून अशा सवलतींचा दरवर्षीचा हिशेब विधिमंडळापुढे ठेवण्याची सक्ती करणारे कलम हवे.

आरोग्य व शिक्षण : या क्षेत्रांतील भागीदारी प्रकल्पांसाठी केंद्राने २०२० मध्ये वर सांगितलेल्या, तूट भरून काढणाऱ्या अनुदानाची मर्यादा वाढवली.